‘मन खंबीर कर’ म्हणजे नेमके काय?

आमच्या वस्तीतल्या मुलींच्या कबड्डी संघाबरोबर मी काम करते. त्यातली एक चढाईत तरबेज. मध्यरेषा ओलांडली की तिचे पाय कुठे वळतील, समोरच्यांना कळायचे नाही. निवड चाचणीच्या दिवशी मात्र ती रेषेपलीकडे गेली आणि खिळून राहिली. पहिल्याच पकडीत बाद. प्रशिक्षक म्हणाले, “मन खंबीर नाही हिचं.” दोन दिवसांनी ती माझ्याशी बोलली. घरी बजावले होते : यंदा निवड झाली नाही तर खेळ बंद, स्थळे बघायची.

धोका जाणवला की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो. एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी आवळतात आणि हालचाल लाकडासारखी होते. नजरेचा परीघ आकसतो, बाजूने येणारी पकड उशिरा दिसते. सरावाने आपसूक होणारी गोष्ट भीतीपोटी ‘नीट’ करायला गेले की नेमकी तीच बिघडते. दुखापतीचा धोकाही वाढतो. याला नाजूकपणा कसे म्हणायचे?

२०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या सांघिक अंतिम फेरीत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या. दीडच झाल्या. आपण हवेत कुठे आहोत, याचे भानच सुटले होते. तशात पुढे खेळणे म्हणजे मान मोडून घेणे. तिने माघार घेतली, तर ‘पळपुटी’ म्हणून हिणवले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती सिनेटसमोर उभी राहिली आणि संघाच्या डॉक्टरने केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल, तो होऊ देणाऱ्या यंत्रणेबद्दल बोलली. एकामुळेच दुसरे झाले, असे मी म्हणणार नाही. पण हे ओझे मैदानाबाहेर ठेवून खेळायला उतरता येते, असे कोण म्हणेल? उपचार घेऊन ती परतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके मिळवली.

आपल्याकडे २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि त्यांचे सहकारी लैंगिक छळाच्या तक्रारींची दाद मागत जंतरमंतरवर बसले. सरावाचे दिवस रस्त्यावर गेले. वर्षअखेरीस साक्षीने कुस्ती सोडल्याचे जाहीर केले. तिलाही ‘मन खंबीर कर’ असेच सांगायचे का?

श्वासाचे व्यायाम, समुपदेशन हवेच. मी स्वतः ते काम करते. पण ताणाचे मूळ घरात, संघटनेत, प्रशिक्षकाच्या हातातल्या सत्तेत असेल, तर फक्त मुलीच्या मनावर इलाज करणे म्हणजे दोष तिच्याच पदरात टाकणे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था आणि मैदानेही येतात. मैत्रिणींनो, आपापल्या तालुक्यातल्या क्रीडासंकुलात जाऊन विचारू या : तक्रार समिती कुठे आहे? तिच्यावरच्या बायकांची नावे मुलींना माहीत आहेत का?

त्या मुलीच्या आईवडिलांकडून आम्ही एक वर्ष मागून घेतले आहे. ती पुन्हा सरावाला येते. परवा चढाईला जाताना हसत होती.