तयार मांजर आणि घरचा कावळा

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने 2007 साली मुलांकरिता 'स्क्रॅच' ही संगणकभाषा सर्वांस खुली केली. तीत आज्ञा लिहावयाच्या नसतात. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडावयाचे असतात. पडद्यावर एक मांजर तयारच असते. आमच्या नातीच्या शिकवणीत सगळ्या मुलांचे तेच मांजर तसेच चालते. तक्रार आहे ती एवढ्याचसाठी.

नातीने घरी स्वतःचा कावळा काढला. चोच वाकडी, पाय तीन. (तिसरा पाय ही शेपटी, असा खुलासा झाला.) पंख खाली असलेला दुसरा कावळा तिने नव्याने काढला, तेव्हा पक्षी दर फडफडीस जागचा हलून धक्के खाऊ लागला. मग पहिल्याच चित्राची नक्कल करून फक्त पंख बदलले. तरी तो नुसता लुकलुके. दोन चित्रांच्या मध्ये 0.2 सेकंद 'थांबा'चा ठोकळा घातला मात्र, कावळा उडाला!

आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच एकेक चित्र टिपून पडद्यावर दाखविली होती.

चित्रे काढण्यात वेळ जातो, असे शिकविणारे म्हणतात. जाऊ द्यावा. पंख किती खाली येतो हे पाहण्यास पोर तीनदा खिडकीशी गेली. तयार मांजरासाठी कोण जाईल? चोच सरळ करावयास आम्हीही हात पुढे केला होता. "आजोबा, कावळा माझा आहे," म्हणून तिने तो बाजूस सारला.