चॉकलेट की कंपाउंड?

राखी, दिवाळी जवळ आली की घरोघरी चॉकलेटचे साचे बाहेर निघतात. त्यासाठी बाजारात मिळणारी स्वस्त लादी बहुतेकदा ‘कंपाउंड’ असते. तिच्यात कोको पावडर असते. कोको बटरच्या जागी मात्र पामच्या बियांचे किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल. वेष्टनावर तसे छापलेलेही असते, पण ते वाचतो कोण?

फरक केवळ चवीचा नाही. कोको बटरमधील सुमारे एक तृतीयांश मेद स्टिअरिक आम्लाचा असतो. तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवत नाही. पामबियांच्या तेलात ८० टक्क्यांच्या आसपास संपृक्त मेद असतो आणि त्यातील लॉरिक आम्ल ते वाढवते. मुलांच्या हातावर ठेवायचे असेल, तर घटकांच्या यादीत कोको बटर शोधावेच. (साखर दोन्हींत भरपूर, हे वेगळे सांगायला नको.)

कंपाउंड खपते ते सोयीमुळे. वितळवले, साच्यात ओतले, झाले. खरे चॉकलेट नखरेल. ते नुसते वितळवून गार केले तर मऊ राहते, त्यावर पांढुरके डाग पडतात. ती बुरशी नव्हे, वर आलेला मेद. यासाठी डार्क चॉकलेट ४५ अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, ढवळत २८ पर्यंत निववून पुन्हा ३१-३२ वर आणावे लागते. वाफेचे पाणी मात्र भांड्यात पडू देऊ नये. थोड्याशा ओलाव्यानेही साखरेचे कण चिकटून गोळा होतो. झालाच, तर टाकू नये. गरम दूध घालून घोटले की सॉस तयार.