बदली जवानाची, शिक्षा कुटुंबाला

दक्षिण कमांडचे मुख्यालय असलेल्या पुण्यात खडकी, वानवडी, घोरपडी येथील लष्करी वसाहतींतून दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाडे हलतात. ट्रंका भरल्या जातात, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले निघतात. देशभक्तीची भाषणे ठोकणाऱ्यांना या फरफटीची किंमत मोजावी लागत नाही.

सियाचीनसारख्या ठाण्यावर एकच तुकडी कायम राहू नये, म्हणून पलटणी आलटून-पालटून हलविणे न्याय्यच आहे. पण पलटणीबरोबर बिऱ्हाडही हललेच पाहिजे, हे कोणते युद्धशास्त्र सांगते? १९६३ साली वीस रेजिमेंटल शाळांपासून केंद्रीय विद्यालये उभी राहिली. मुलांची काही सोय झाली. आईच्या नोकरीला मात्र तसा आधार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारी जवानाची पत्नी आपली नोकरी अंबाल्याला कशी नेणार? पगार किंवा सहवास, यांतून तिने एक निवडायचे!

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मे २०२५ मध्ये अत्यावश्यक नसलेल्या बदल्यांवरील खर्च २०३० च्या आर्थिक वर्षापर्यंत निम्म्यावर आणण्याचा आदेश दिला. जगभर तळ असलेल्या सैन्याला जे साधावेसे वाटते, ते आपल्याला अशक्य का वाटावे?

आघाडीवरील जवानांच्या कुटुंबांसाठीची निवासस्थाने वाढवावीत, शांतता ठाण्यांतील नेमणुकीची मुदत लांबवावी आणि पाल्याच्या दहावी-बारावीच्या काळात घर सोडण्याची सक्ती नसावी. अर्जविनंत्या करून पदरात पडणारी सवलत हा हक्क नव्हे. जेथे सारे वरिष्ठांच्या मर्जीवर चालते, तेथे साधा शिपाईच मागे राहतो. म्हणून हे नियम कागदावर, हक्काच्या भाषेत उतरले पाहिजेत.