थांबलेला संगणक आणि घाबरलेला माणूस

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. शाळकरी मुलांच्या शेजारी प्रौढ माणसेही माउस हाती धरून बसू लागली. संगणकाबरोबर ‘हँग होणे’ हे क्रियापदही मराठीत रुळले.

पडद्यावरचे काम मध्येच गोठले की नवशिक्याला पहिली शंका येते ती स्वतःचीच. आपल्या हातून काही बिघडले, असे वाटून तो भराभर कळा दाबतो आणि अखेर मुख्य बटणच बंद करतो. ही अपराधी भावना बहुधा अनाठायी असते. प्रोग्रॅम कधी इंटरनेटवरून येणाऱ्या उत्तराची वाट पाहत असतो, कधी एकाच हिशेबाच्या फेऱ्यात अडकलेला असतो. कधी दोन कामे दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणाऱ्या पाहुण्यांसारखी एकमेकांसाठी खोळंबतात. यात वापरणाऱ्याचा दोष तो कोणता?

तज्ज्ञांची यंत्रेही यातून सुटलेली नाहीत. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कमी महत्त्वाच्या कामाने अडवून ठेवलेल्या साधनासाठी महत्त्वाचे काम ताटकळत होते. काम वेळेत झाले नाही की संगणक स्वतःच पुन्हा सुरू होई. अभियंत्यांनी दुरुस्ती पृथ्वीवरून धाडली. तिथे प्लग काढायला कोण जाणार!

म्हणून हँग झालेला प्रोग्रॅम कसा हाताळावा, हे टंकलेखनाच्याही आधी शिकवले पाहिजे. विंडोजमध्ये एखादी खिडकी सुमारे ५ सेकंद दाद देईनाशी झाली, की ती ‘प्रतिसाद देत नाही’ अशी ठरते. त्याचा अर्थ ती कायमची बंद पडली असा नव्हे. दोन-चार मिनिटे थांबल्यास पुष्कळदा काम पुढे सरकते. नाहीच सरकले, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. तेथे अडलेला तेवढाच प्रोग्रॅम निवडून बंद करता येतो आणि बाकीची कामे सहसा शाबूत राहतात. अडलेल्या प्रोग्रॅममधील न साठवलेला मजकूर मात्र बहुधा जातो. अर्धे पान झाले, की कंट्रोल आणि एस दाबण्याची सवय त्यासाठीच लावायची. मुख्य बटण दाबून धरणे हा उपाय सर्वांत शेवटचा. माउस, कळा काहीच चालेनासे झाले तर.