पहिल्या श्वासाची परीक्षा

जन्मतः निश्चेष्ट असलेल्या बालकाला सचेत कसे करावे, हे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. कानांच्या मुळाशी दगडावर दगड आपटावा, मुखावर पाणी शिंपडावे, सुपाने वारा घालावा, असे ते उपाय. काळानुसार उपाय बदलले. कर्तव्य बदलले नाही. सुमारे दहा नवजातांपैकी एकाला आजही पहिला श्वास घेण्यासाठी साहाय्य लागते. बाळ कोरडे करणे, ऊब देणे, पाठ चोळणे आणि तरीही श्वास सुरू न झाल्यास पहिल्या मिनिटातच मुखवटा लावून पिशवीने मिनिटाला 40 ते 60 श्वास देणे, एवढीच ही विद्या. साधन स्वल्पमोली आहे. हात मात्र सरावाचा हवा.

धाराशिवच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या सूचीत आलेल्या या जिल्ह्यात 2022 मध्ये 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उद्या भूम, परंडा, कळंब वा लोहाऱ्याच्या प्रसूतिकक्षात मध्यरात्री एकटा उभा राहणारा तरुण डॉक्टर अशाच महाविद्यालयातून येणार आहे. 2019 पासूनच्या अभ्यासक्रमात ही कृती प्रतिकृतीवर करून दाखवण्याची अपेक्षा आहे, हे स्वागतार्ह होय. परंतु एकदा करून दाखवलेले कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच ओसरते, हा जगभरचा अनुभव आहे. पुस्तकातील पायऱ्या स्मरणात राहतात, हात विसरतात. नोंदवहीवरील स्वाक्षरी म्हणजे सिद्धता नव्हे.

हे असाध्य आहे काय? गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना हीच विद्या शिकवली. 39 गावांतील नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यांचे संशोधन 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या भगिनींमधूनच 'भारतवैद्य' घडवल्या. लातूर उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते, तेव्हा, 1966 मध्ये, डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे विवेकानंद रुग्णालयाची मुहूर्तमेढ रोवली. मराठवाड्याच्या या भूमीला सेवाव्रताची परंपरा नवी नाही. जे गावातील भगिनींना साधले, ते साडेचार वर्षे शिकलेल्या पदवीधराला साधू नये, असे कोण म्हणेल?

म्हणून काही गोष्टी निश्चयाने व्हायला हव्यात. आंतरवासितेच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येकाची प्रतिकृतीवर प्रत्यक्ष परीक्षा व्हावी. उत्तीर्ण झाल्याविना प्रसूतिकक्षाची स्वतंत्र जबाबदारी देऊ नये. 2009 मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण एकदाच उरकू नये, दर काही महिन्यांनी उजळणी व्हावी. परिचारिका व डॉक्टर यांनी एकत्र सराव करावा, कारण प्रसंगी त्यांना एकत्रच झुंजायचे असते.

इमारती व जागांची संख्या यांवर वैद्यकीय प्रगती मोजण्याची सवय शासनाला आणि समाजालाही जडली आहे. मातेच्या कुशीत राष्ट्राचे भवितव्य जन्म घेते, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या भवितव्याचा पहिला श्वास कोणाच्या हाती आहे आणि ते हात सिद्ध आहेत काय, हेही विचारण्याची वेळ आली आहे.