‘नैसर्गिक’ या शब्दाआड

आमच्या लहानपणी बाजारातून काही वस्तू नेहमी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून यायच्या. सॅनिटरी नॅपकिनचा पुडा ही त्यातली एक. दुसरी म्हणजे कुणीतरी कुणाकडून तरी आणलेलं ‘बायकांचं औषध’. पुड्याचा कागद आता गेला, दुकानदार काळी पिशवी देतो. औषधाचा कागद मात्र अजून तसाच आहे.

हे औषध आमच्या कचेरीतही फिरतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या तरी पर्समधून पुडी बाहेर येते. “घेऊन बघ गो. एकदम नॅचरल. साइड इफेक्ट काही नाही.” मीही घेऊन बघितली, एक-दोन नव्हे, चौदा महिने. पाळी आठ-नऊ दिवस चालायची, गाठी पडायच्या, जिना चढताना धाप लागायची. मी म्हणायचे, चाळिशी आहे, हार्मोनचं काहीतरी असेल, पुडी चालू आहेच. शेवटी एकदा फायली घेऊन वर जाताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सहकाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन ६.४ निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ दिसली. हार्मोनचं ‘काहीतरी’ ते हेच!

त्या पुडीत काय होतं, हे मला आजही ठाऊक नाही. देणारीलाही ठाऊक नव्हतं. माझी तक्रार पुडीने गाठ झाली अशी नाही. पुडीने माझे चौदा महिने खाल्ले, ही तक्रार आहे.

आता कुणी म्हणेल, ही बाई आयुर्वेदावर उठली, आजीच्या बटव्यावर उठली. तसं मुळीच नाही. आजीच्या बटव्याची बाजू घ्यायलाच मी बसले आहे. त्याच्या नावावर धंदा करणारे ती बाजू घेत नाहीत, म्हणून मला घ्यावी लागते.

आमची आजी पाळीत पोट दुखलं की दोन गोष्टी करायची. गरम पाण्याची बाटली पोटावर आणि आल्याचा कसाय हातात. यात शहाणपण होतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि कळा येतात. मेफेनॅमिक आम्ल, आयबुप्रोफेन या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच कमी करतात. उबेने आवळलेला स्नायू सैलावतो. पोटावर मंद ऊब देणाऱ्या पट्टीची २००१ साली आयबुप्रोफेनशी तुलना झाली, तेव्हा ऊब गोळीच्या तोडीस तोड ठरली. सुंठेवर २००९ साली इराणमध्ये चाचणी झाली, तिथेही सुंठ या गोळ्यांच्या बरोबरीने उतरली. चाचण्या लहान होत्या, पण आजी अगदीच चुकत नव्हती.

मात्र आजीचा कसाय साध्या कळांसाठी होता. गाठ विरघळवायचा, थायरॉइड सुधारायचा किंवा रक्त भरून काढायचा दावा आजीने कधी केला नाही. तो पुडीवाल्याने केला.

‘हार्मोनल प्रॉब्लेम’ हा शब्द म्हणजे एक पोतं झालं आहे. उशिरा पाळी येणारी, महिन्यातून दोनदा येणारी, हनुवटीवर केस आलेली, रक्तस्राव न थांबणारी, पाळी जाताना घामाघूम होणारी, सगळ्या एकाच पोत्यात आणि सगळ्यांना एकच चूर्ण. खरं तर पीसीओएस वेगळा, थायरॉइडची कमतरता वेगळी, एंडोमेट्रिओसिस वेगळा, गाठ वेगळी. पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल, तर पाच-दहा टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी आपोआप मार्गावर येते. चालणं, व्यायाम आणि नीट जेवण हा तिथे डॉक्टरांचाही पहिला सल्ला असतो. याहून नैसर्गिक उपाय कुठला? पण तो पुडीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात नाही. आणि तोच उपाय गाठीच्या रक्तस्रावाला चालणार नाही. आधी निदान, मग उपाय, एवढंच मागणं आहे.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हेही कुणी सांगितलं? कण्हेरही नैसर्गिक आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. सुमारे पाचवा हिस्सा औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती निदान लेबल लावलेली औषधं होती. आपल्या पुडीला तर लेबलही नाही.

अशोकाचं उदाहरण घ्या. बायकांच्या विकारांवर अशोकाची साल आयुर्वेदात मानाची. पण कुठला अशोक? आमच्या कचेरीच्या आवारात सरळ उंच वाढलेली, लांब लाटदार पानांची झाडं आहेत, त्यांना सगळे अशोकच म्हणतात. तो खोटा अशोक, त्याचं कूळच निराळं. खरा सीतेचा अशोक केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा. तो आता जगाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे आणि त्याला एक कारण म्हणजे सालीसाठी चाललेली तोड. बाजारात त्याच्या सालीत खोट्याची भेसळ होते, हे आयुर्वेदाचे अभ्यासकच सांगतात. म्हणजे आपण निसर्गाच्या नावाने निसर्ग सोलतो आणि वर प्यायला मिळतं ते भलतंच! पदवीधर वैद्य नाडी बघून, तपासून, लिहून देतो त्याच्याशी माझं भांडण नाही. तोही पुडीवाल्याने तितकाच नाडला गेला आहे.

कायदा काय म्हणतो? औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४ सालचा कायदा आहे. त्यात स्त्रियांच्या पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला स्पष्ट मनाई आहे. सत्तर वर्षं झाली! आणि आज मोबाइल उघडावा तर दर तिसऱ्या निरोपात ‘पाळीच्या सर्व तक्रारींवर रामबाण’. कायदा कपाटात, पुडी पर्समध्ये.

पण एका हाताने टाळी वाजत नाही. बायका पुडीकडे का वळतात, हे डॉक्टरांनी स्वतःला विचारावं. मुलगी कळवळत गेली की “लग्न झालं की बरं होईल”. चाळिशीची गेली की “पिशवी काढून टाका”. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या देशाने वाचलं. जिथे दोन मिनिटांत सुरीची भाषा होते, तिथून बाई पळणारच. पुडी देणारी निदान तिचं बोलणं अर्धा तास ऐकून घेते.

आणि आपलं घर? “सोस गो बाय, सगळ्यांकच जाता तें.” हे वाक्य ऐकलं नाही अशी गोव्यातली मुलगी मला दाखवा. देवघराला शिवू नको हे चार दिवस मोठ्याने सांगता येतं, पण किती रक्त जातं हे विचारायला जीभ रेटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत गोव्यातल्या सुमारे ३९ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या, देशात ५७ टक्के. मासळी खाणाऱ्या, शिकलेल्या, प्रगत म्हणवणाऱ्या आपल्या गोव्यात! याला कारणं अनेक असतील, पण मुकाट्याने सोसणं हे त्यातलं एक आहे.

म्हणून सांगते. कसाय प्या, बाटली पोटावर ठेवा, तांबड्या भाजीवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. पण सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तासाभरात पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दुखण्याने दर महिन्याला शाळा किंवा कामाला खाडा पडत असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर पुडी बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी. पिशवी काढा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा. माझी पिशवी काढावी लागली नाही. गाठ काढली, लोहाच्या गोळ्या घेतल्या, आज जिना चढते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीसमोर पुन्हा तीच पुडी आली. “नॅचरल गो.” मी तिला एवढंच विचारलं, “तुझी पाळी किती दिवस चालते?” सगळा टेबल गप्प झाला. मुलगी हळूच म्हणाली, “दहा.” तिला हा प्रश्न तोवर कुणीच विचारला नव्हता. पुडी देणारीनेही नाही, आवयनेही नाही.

असो. तुमच्या घरातल्या मुलीला आज हा प्रश्न विचारा. मोठ्याने विचारा.