मोठ्यांसाठी क्षयाची लस हवी, आणि ती इथे तपासलेली हवी

बीसीजीची लस तपकिरी काचेच्या कुपीत, पुडीच्या रूपात येते. द्रावात विरघळवली की चार तासांत ती वापरायची, उरली तर टाकून द्यायची. तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या थरात, ०.०५ मिलिलीटर एवढीच ती जाते. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, फुटते आणि जन्मभराचा वण राहतो. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडी असो की म्हसवड, तरुणांच्या दंडावर हा वण सर्रास दिसतो. तरीही यांच्यातल्याच कुणाला पंचविशीत, तिशीत टीबी होतो आणि घरचे विचारतात, लस तर टोचली होती ना? टोचली होती, आणि तिने तिचं काम केलंही होतं. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा बाळाला दिलेली ही लस तान्ह्यांना मेंदूच्या आवरणाच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते. तेवढ्यासाठी ती द्यायलाच हवी. पण रोगाचा फैलाव होतो तो मोठ्या माणसांच्या फुप्फुसातून, आणि तिथे या लसीचा भरवसा धरता येत नाही.

तपासा आणि औषध द्या, हा आपला आजवरचा मार्ग. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या जंतूचा शिरकाव झालेला आढळला. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्यात गेले नव्हते. प्रत्यक्ष रुग्ण निघालेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण केवळ एक्स-रे काढल्यामुळे सापडले. लक्षणं विचारून ते हाती लागले नसते. आता हेच माणदेशाला लावून पाहा. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, म्हणून माणूस बाहेर पडतो: कुणी नवी मुंबईच्या बाजारात माथाडी, कुणी ऊसतोडीला, कुणी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला, आणि खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले तर सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत. एका खोलीत पाच-सहाजण झोपतात. खोकला लागला तर सुट्टीत गावी गेल्यावर बघू, म्हणून अंगावर काढतात. तोवर शेजारी झोपणाऱ्याला लागण होऊन गेलेली असते. अशा ठिकाणी औषध रोगाच्या मागून धावतं. आधीच आडवं यायला लस हवी.

अशी लस दृष्टिपथात आहे, असं जपूनच म्हणावं लागेल. एम-७२ नावाच्या लसीची चाचणी केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियात, आधीच जंतुसंसर्ग झालेल्या सुमारे साडेतीन हजार प्रौढांवर झाली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, आणि तीन वर्षांत रोगाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर. मथळे मोठे छापून आले, पण आतला हिशेब पाहावा: लस मिळालेल्यांत १३ रुग्ण, न मिळालेल्यांत २६. एकूण ३९ रुग्णांवर उभा असलेला निष्कर्ष आशा दाखवतो, खात्री देत नाही. खात्रीसाठीची मोठी चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. पहिले आकडे २०१८ लाच जाहीर झाले होते. मधली पाच-साडेपाच वर्षं गेली. कोविडच्या लसी मात्र वर्षभरात आल्या, त्यांतली एक आपल्या पुण्यात तयार झाली. क्षयाचा जंतू अधिक चिवट आहे हे खरं, पण दिरंगाईचं सगळं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. श्रीमंत देशांत हा रोग फारसा राहिला नाही, म्हणून पैसा आला नाही.

वीस हजारांच्या आसपास माणसं असलेल्या या मोठ्या चाचणीत भारत नाही. जगातले चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण आपल्याकडे, आणि आपण निकालाची वाट पाहणार. ‘तिकडे सिद्ध झालं की आणू’ हा सोपा विचार आपल्याला एकदा महागात पडला आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत बीसीजीने जवळपास ८० टक्के संरक्षण दिलं. त्याच काळात आपल्याकडे मोहीम जोरात होती आणि १९५५ मध्ये ज्येष्ठ नेते राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) तिच्याविरुद्ध जाहीरपणे उभे राहिले. त्यांची सगळी कारणं टिकण्यासारखी नव्हती, पण पुरावा मागणं गैर नव्हतं. तो पुरावा १९६८ मध्ये तमिळनाडूतल्या चिंगलपुटला, अडीच लाखांहून अधिक लोकांवरच्या चाचणीतून शोधला गेला. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसलं ते असं, की मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीने संरक्षण दिलंच नाही. असं का व्हावं? माती-पाण्यातल्या क्षयाच्या भाऊबंद जंतूंशी आपला आधीच संबंध येत असल्याने लसीचा वेगळा परिणाम उरत नसावा, असा एक तर्क आहे. तर्क कोणताही असो, लस माणसाबरोबर त्याची मातीही पाहते, एवढं त्यातून नक्की झालं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप अन्नाचा आहे. झारखंडमधल्या ‘राशन्स’ चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांवर लोकांत क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. मग लसीच्या मागे कशाला लागायचं? प्रश्न रास्त आहे, आणि धान्य आजपासून द्यावं, लसीची वाट न पाहता, हेही खरं. पण धान्य घरी पोचतं. कमावता माणूस नवी मुंबईत, वाशीच्या खोलीवर असतो. शिवाय उपाशी शरीरात लस कितपत काम करते, हेही इथेच तपासावं लागेल. म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

दुसरा आक्षेप: गरिबांनाच प्रयोगाचे उंदीर का करायचं? संमतीचा कागद मराठीत, समजेल असा असावा, दुष्परिणामाची भरपाई आधी ठरावी, यशस्वी ठरलेली लस त्याच गावांना पहिली मिळावी: या अटींवाचून चाचणी होऊच नये. पण चाचणीतून वगळलं जाणं हाही अन्यायच असतो. चाचणी घेणाऱ्यांना एका जागी राहणारी माणसं सोयीची. फिरतीवरचा माणूस पाठपुराव्यात हरवतो म्हणून टाळला जातो. ज्याला लस सर्वांत आधी हवी, त्याच्याबद्दलच माहिती नसते.

देशात काहीच होत नाही असं नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची व्हीपीएम-१००२ आणि कॅडिलाची इम्युव्हॅक या दोन लसी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१९ पासून रुग्णांच्या घरातल्या बारा हजार लोकांत तपासायला घेतल्या. पण घरातल्या सोबत्यांवर आखलेल्या चाचणीत खोलीतले सोबती येत नाहीत. माथाडी मंडळांकडे १९६९ च्या कायद्यापासून कामगारांची नोंदणी आहे, रुग्ण एका जिल्ह्यातून दुसरीकडे वर्ग करायची सोय क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी निक्षय प्रणालीत आहे, आणि गावात कोण कधी परततो हे आशाताईला तोंडपाठ असतं. या तीन नोंदी एकत्र आणून दहिवडी ते वाशी असा एकच पाठपुरावा आखायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. पुढच्या लसीच्या चाचणीत माणमधल्या फिरतीवरच्या कामगारांचा गट धरावा, अशी मागणी राज्याच्या आरोग्य खात्याने आयसीएमआरकडे आत्ताच नोंदवायला हवी. एम-७२ चा निकाल लागल्यावर तयारीला बसलो तर आणखी पाच वर्षं गेलीच म्हणून समजा.